टिटवी ओरडते, ती कुणासाठी?

आमच्याकडे रात्री टिटवी ओरडली की सासूबाई ‘आली मेली अवदसा’ म्हणत दार लावून घ्यायच्या. ‘हे’ गेले त्या रात्रीही ती ओरडली होती. पुढे कितीतरी दिवस तिचा आवाज आला की माझ्या पोटात गोळा यायचा. हळदीकुंकवाची बोलावणी थांबली, तेव्हा तर वाटायचं, आता मीही या गावची टिटवीच!

गेल्या मे महिन्यात भाचीने मला ओढूनच गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगावबांधला नेलं. म्हणाली, “मावशी, पक्षी बघायला उन्हाळाही छान. पाणी आटतं, मग उरलेल्या पाण्याभोवती सगळे गोळा होतात. झाडंही विरळ, त्यामुळे चटकन दिसतात.” कोहळी समाजाने बांधलेला हा जुना तलाव. मारुती चितमपल्लींनी वनाधिकारी म्हणून इथं काम केलं, इथले पक्षी मराठी वाचकांच्या घरात आणले.

भल्या पहाटे जंगलवाटेने निघालो. नाल्याकाठी स्वर्गीय नर्तक दिसला. पांढराशुभ्र, फितीसारखी लांब शेपटी. मी तर बघतच राहिले!

वाट तलावाशी उतरली आणि डोक्यावर टिटवीने आकांत मांडला. मी म्हटलं, “चल गं, परत जाऊ.” भाची म्हणाली, “मावशी, पायापुढे बघ.” खड्यांमध्ये चार मातकट, ठिपक्यांची अंडी! ना काडी, ना घरटं. आम्ही लगेच मागे फिरलो, लांब झाडाखाली बसून दुर्बिणीतून पाहिलं. टिटवी पाण्यात गेली, पोटाची पिसं भिजवली आणि येऊन अंड्यांवर बसली. उन्हात अंडी भाजू नयेत म्हणून! नर-मादी दोघंही आळीपाळीने अंडी सांभाळतात म्हणे.

माझे डोळे भरून आले. एवढी वर्षं आपण हिला काय काय बोललो!

मैत्रिणींनो, तुम्हीही गावच्या तळ्यावर जाऊन बघा. ऊन चढायच्या आत जा, मातकट रंगाचे कपडे घाला, पाण्याची बाटली विसरू नका. टिटवी डोक्यावर घिरट्या घालू लागली, तर आल्या पावली मागे फिरा.

परवा रात्री टिटवी ओरडली. सासूबाई दाराकडे निघाल्या. मी म्हटलं, “आई, तिच्या अंड्यांजवळ कुणीतरी गेलं असेल.”

त्या क्षणभर थांबल्या. म्हणाल्या, “कुत्रं असेल मेलं. बॅटरी घे, हाकलून ये.”