जुन्या ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्ससाठी योग्य तेलाची निवड

ट्रॅक्टरच्या इंजिनातील तेल बहुतेक शेतकरी बंधू वेळच्या वेळी बदलतात. गिअरबॉक्समधील तेलाची आठवण मात्र गिअर आवाज करू लागल्यावरच होते. मग दुकानात जाऊन नुसते ‘गिअर ऑइल’ मागितले जाते व मिळेल ते ओतले जाते. तीस-चाळीस वर्षे चाललेल्या ट्रॅक्टरला असे तेल अपायकारक ठरण्याचा संभव असतो, आणि ऐन पेरणीत गिअरबॉक्स उघडावा लागला तर होणारे नुकसान तेलाच्या किमतीच्या अनेक पटींनी अधिक असते.

डब्यावर दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली दाटपणा. ९०, ८०डब्ल्यू-९०, १४० हे आकडे तो दर्शवितात. इंजिन तेलाचे आकडे निराळ्या मापाचे असतात. ९० नंबरचे गिअर तेल साधारणपणे ४० ते ५० नंबरच्या इंजिन तेलाइतकेच दाट असते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची असून तिच्याकडेच दुर्लक्ष होते. ती म्हणजे जीएल-४ किंवा जीएल-५ हा अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या वर्गवारीचा शिक्का. आकडा मोठा म्हणजे तेल सरस, असे समजू नये. दोन्ही तेलांत गंधक व स्फुरद यांची संयुगे मिसळलेली असतात. दातांवर भारी दाब येऊन तेलाचा थर तुटू लागला की ही द्रव्ये पोलादावर एक पातळ पापुद्रा निर्माण करतात व दात खरवडले जात नाहीत. जीएल-५ मध्ये यांचे प्रमाण जीएल-४ च्या सुमारे दुप्पट असते. जीप व मालमोटारींच्या मागील ॲक्सलमधील हायपॉइड गिअरांचे दात एकमेकांवर फार घसरतात, म्हणून त्यांना ते लागते. परंतु जुन्या गिअरबॉक्समध्ये पितळेचे व काशाचे बुश आणि वॉशर असतात. गंधक तांब्यावर क्रिया करते. तयार झालेला काळा थर घासून निघतो, पुन्हा नवा धरतो, आणि बुश झिजत जातो. पितळ व काशाला अपाय होणार नाही असे निर्मात्याने स्पष्ट लिहिलेले नसल्यास जीएल-५ टाळावे. जीपसाठी आणलेल्या डब्यातील उरलेले तेल ट्रॅक्टरमध्ये मुळीच ओतू नये.

आवाज दबावा म्हणून ९० ऐवजी १४० नंबरचे तेल भरण्याचा प्रघात आहे. त्याने आवाज कमी होतो, झीज थांबत नाही. शिवाय १९४६ पासून इंग्लंडमध्ये बनू लागलेल्या फर्ग्युसन टीई-२० मध्ये, तसेच पुढील मॅसी फर्ग्युसन ३५ मध्ये, लिफ्टचा पंप गिअरबॉक्सच्याच तेलावर चालतो. अशा रचनेत रब्बीच्या थंड सकाळी फार दाट तेल पंपाला ओढता येत नाही व लिफ्ट सावकाश उठते. ज्या ट्रॅक्टरचे ब्रेक तेलात बुडालेले असतात, त्यांना निर्मात्याने सांगितलेले खास तेलच लागते.

निर्मात्याची पुस्तिका हाच पहिला आधार होय. जुन्या पुस्तिकेत नुसते ‘ईपी ९०’ असल्यास सामान्यतः जीएल-४ दर्जाचे ९० नंबरचे तेल घ्यावे. पुस्तिका हरवली असल्यास गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी त्या बनावटीच्या विक्रेत्याकडून माहिती मिळवून द्यावी व ती हत्यारपेटीच्या झाकणावर रंगाने लिहून ठेवावी. कागद टिकत नाही.

तेल बदलताना ट्रॅक्टर थोडा चालवून तेल कोमट असतानाच काढावे, म्हणजे तळाचा गाळही निघून येतो. तेल दुधासारखे पांढरट दिसल्यास आत पाणी गेले आहे असे समजावे. भातखाचरात चिखलणी केल्यानंतर हे अवश्य पाहावे. नवे तेल सपाट जागेवर, खुणेपर्यंतच भरावे. जास्त भरल्यास तेल फेसाळते, तापते आणि सीलमधून बाहेर येऊ लागते. काढलेले तेल ओढ्यात वा विहिरीजवळ सांडू न देता झाकणाच्या डब्यात साठवावे व अधिकृत संकलकाकडे द्यावे. मात्र तत्पूर्वी ते उन्हात धरून पाहावे. बारीक करडा गाळ नेहमीचाच असतो; पिवळी चकाकी किंवा पोलादाचे कपचे दिसल्यास नवे तेल भरण्याआधी जाणत्या मेकॅनिकला दाखवावे.