हसरा कंस

‘वा, फार लवकर आलास!’ हे वाक्य उच्चारून पाहावे. नाशिकरोडहून निघालेला मित्र ठरल्या वेळेआधीच पंचवटीत पोहोचला, तर हे शब्द कौतुकाचे होतात. तोच मित्र तासभर उशिराने आला, तर तेच शब्द टोचून बोलण्याचे होतात. शब्दांत काना वा मात्रेचाही फरक पडत नाही. फरक पडतो तो बोलणाऱ्याच्या आवाजात, त्याच्या भुवयांत आणि ओठांच्या कोपऱ्यांत. परंतु हेच वाक्य कागदावर उतरले, की आवाज मागे राहतो, चेहराही मागे राहतो आणि वाचणाऱ्याच्या हाती केवळ अक्षरे पडतात.

ही उणीव माणसाला फार पूर्वीपासून जाणवत आली आहे. जुन्या मोडी लिखाणात विरामचिन्हे जवळजवळ नसतच. एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी यांच्यासारख्यांच्या खटपटीने ती मराठीत रुळली. प्रश्नचिन्हाने वाक्याचा सूर वर चढला, उद्गारचिन्हाने आश्चर्य, हर्ष, क्रोध यांना जागा मिळाली. तथापि एकाच उद्गारचिन्हाला इतके भाव वाहावे लागतात, की त्यांतला नेमका कोणता घ्यावा हे वाचकानेच ठरवायचे असते. सावकाश लिहिलेल्या लांब पत्रात मागचापुढचा मजकूर त्याच्या मदतीस येतो. चार शब्दांच्या संदेशात मात्र तो आधार उरत नाही.

अमेरिकेतील पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठात ही अडचण फार लवकर उभी राहिली. तेथील मंडळी संगणकावरील एका सामाईक फलकावर एकमेकांसाठी मजकूर लिहीत असत. एखाद्याने थट्टेने काही लिहावे, दुसऱ्याने ते खरे मानावे आणि त्यावरून वाद पेटावा, असे तेथे वारंवार घडे. १९ सप्टेंबर १९८२ रोजी तेथील संगणकशास्त्रज्ञ स्कॉट फालमन यांनी एक साधा तोडगा सुचविला. थट्टेच्या मजकुरापुढे अपूर्णविराम, संयोगचिन्ह आणि उजवा कंस ही तीन चिन्हे ओळीने लिहावीत :-) आणि मान डावीकडे कलवून पाहावे. दोन डोळे, नाक आणि हसरे तोंड दिसू लागते. कंस उलटा केला, की तोच चेहरा खिन्न होतो :-( ज्या चिन्हांना व्याकरणात स्वतःचा असा भाव नव्हता, त्यांनी मिळून एक भाव उभा केला. जपानमध्ये १९९९ साली शिगेताका कुरिता यांनी भ्रमणध्वनीसाठी १७६ चिमुकली चित्रे तयार केली. प्रत्येक चित्र बारा ठिपके रुंद आणि बारा ठिपके उंच असे. पुढे २०१० मध्ये अशा चित्रांना युनिकोड या जागतिक लिपिसंकेतात स्थान मिळाले आणि अक्षरांप्रमाणे त्यांनाही क्रमांक लाभले.

आता याच्या अगदी उलट अडचण पाहावी: चेहरा आहे, परंतु आवाज नाही. मूकपटांच्या काळी चित्रपट करणाऱ्यांपुढे ती होती. आणि तिच्याशी झुंजणारा भारतातील अग्रणी पुरुष नाशिकचाच होता. धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी झाला. १९१३ साली मुंबईत ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित केल्यावर त्यांनी आपले बिऱ्हाड आणि चित्रनिर्मितीचा कारभार नाशिकला हलविला. तेथील काळात त्यांनी केलेला ‘कालिया मर्दन’ हा मूकपट १९१९ चा. त्यात बाळकृष्णाची भूमिका त्यांची कन्या मंदाकिनी हिने केली. तेव्हा ती अवघी सात वर्षांची होती. कथा सुरू होण्यापूर्वी दादासाहेबांनी एक वेगळीच गोष्ट प्रेक्षकांपुढे ठेवली आहे. पडद्यावर केवळ मंदाकिनीचा चेहरा दिसतो आणि त्यावर एकामागून एक भाव उमटत जातात. शब्द नाही, प्रसंग नाही, सोबतीला दुसरे पात्रही नाही. मग त्याच मुलीच्या जागी कृष्ण दिसू लागतो. जणू प्रेक्षकांस आधी मुळाक्षरे शिकविली आणि मग गोष्ट सांगितली.

भावांची अशी मुळाक्षरे भरतमुनींच्या नाट्यशास्त्रातही सांगितली आहेत. रती, हास, शोक, क्रोध, उत्साह, भय, जुगुप्सा आणि विस्मय हे ते आठ स्थायी भाव होत. १९९६ साली मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘कॉमिक चॅट’ नावाची एक संदेशप्रणाली काढली. तिच्यात लिहिणाऱ्या प्रत्येकाला चित्रकथेतील एक पात्र मिळे आणि त्याचे शब्द त्या पात्राच्या तोंडून फुग्यात प्रकट होत. पात्राचा भाव निवडण्यासाठी एक चक्र दिलेले असे. त्याच्या मध्याशी चेहरा निर्विकार राही; जो जो बिंदू कडेकडे न्यावा, तो तो भाव उत्कट होई. त्या चक्रावरही राग, दुःख, भय, हसू हे भाव होते आणि त्यांच्या जोडीला कंटाळाही होता. भरतमुनींनी कंटाळ्याला स्थायी भावाचा मान दिला नव्हता, ही गंमत ध्यानात घेण्यासारखी आहे. लिहिणाऱ्याने चक्राला हात लावला नाही, तरी ती प्रणाली स्वस्थ बसत नसे. मजकुरात हसऱ्या कंसाचे चिन्ह सापडले, की पात्र हसे. सारी रोमन अक्षरे मोठी लिहिली, की ते ओरडण्याचा आव आणी.

अशा प्रणालीला चिन्ह कळते कसे? खरे पाहता तिला काहीच कळत नाही. संगणकापाशी प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक विरामचिन्ह एका क्रमांकाच्या रूपाने पोहोचते. हे क्रमांक ओळीने तपासताना ठरावीक क्रम आढळला, की संगणक आपल्या जवळच्या कोष्टकात पाहतो. त्या क्रमासमोर ‘हसणे’ अशी नोंद असेल, तर पात्राला हसविण्याची आज्ञा सुटते. म्हणजे एकच चिन्ह वाचकासाठी चित्र असते आणि यंत्रासाठी हुकूम.

‘कॉमिक चॅट’मधील चित्रे स्थिर होती. पात्र प्रत्यक्ष हलवायचे, तर आणखी एक युक्ती लागते. आणि येथे पुन्हा नाशिकची वाट धरावी लागते. १९१५ च्या सुमारास दादासाहेबांनी ‘आगकाड्यांची मौज’ नावाचा एक छोटा चित्रपट केला. त्यात नट नव्हते, होत्या केवळ आगकाड्या. काडी मांडावी, तिचे एक चित्र घ्यावे, ती किंचित सरकवावी, पुन्हा चित्र घ्यावे, असा हा क्रम. मूकपटात सेकंदाला सोळाच्या आसपास चित्रे डोळ्यांपुढून जात. म्हणजे काडीची क्षणभराची हालचाल दाखविण्यास ती कितीदा तरी हाताने हलवावी लागे. ही चित्रे वेगाने सरकली, की निर्जीव काडी चालू लागते. त्याआधी वाटाण्याच्या रोपाची वाढ टिपताना दादासाहेबांनी याच चिकाटीने महिनाभराहून अधिक काळ थोड्याथोड्या वेळाने चित्रे घेतली होती. आगकाड्यांचा तो चित्रपट आज उपलब्ध नाही, ही हळहळ वाटण्यासारखी गोष्ट आहे.

संदेशातील पात्राचे हसूही असेच घडते. ओठ मिटलेले, कोपरे जरा वर, गाल फुगलेले, डोळे बारीक, अशी चित्रे आधीच काढून ठेवलेली असतात. हुकूम येताच ती क्रमाने दाखविली जातात. पुढे यात सुधारणा झाली. चेहऱ्यावर अनेक बिंदू कल्पून, हसताना कोणता बिंदू किती सरकतो एवढेच नोंदवून ठेवतात आणि मधली सारी चित्रे संगणक स्वतः गणिताने काढतो. २०१७ साली ॲपल कंपनीच्या आयफोन टेनमध्ये तर चिन्हाचीही गरज उरली नाही. वापरणाऱ्याचा चेहरा कॅमेरा टिपे आणि पडद्यावरचा कोल्हा किंवा ससा तसाच तोंड हलवी.

इतके झाले, तरी गैरसमज संपले नाहीत. युनिकोडने चिन्हाला क्रमांक दिला, परंतु त्याचे चित्र प्रत्येक कंपनी आपल्या परीने काढते. काही वर्षांपूर्वी दात दाखवून हसणारा एक चेहरा असा होता, की एका कंपनीच्या फोनवर तो आनंदी दिसे आणि दुसरीच्या फोनवर दातओठ खात असल्यासारखा वाटे. पाठविणाऱ्याने हसू धाडावे आणि घेणाऱ्याने राग वाचावा, असा हा प्रकार. जोडलेल्या हातांचेही तसेच आहे. जपानमध्ये त्यांत विनंती किंवा आभार पाहतात. मराठी माणूस त्यांत नमस्कार पाहतो. इतकेच नव्हे, तर वाढता वाद थांबवायचा असला, म्हणजेही तो तेच दोन हात पाठवितो. तेव्हा ‘आता पुरे’ हा त्यांचा अर्थ कोणत्याही कोष्टकात सापडत नाही. पाठविणाऱ्याला ओळखणाराच तो वाचू शकतो.