पायलटलाही ‘केटी’ लागते

२५ डिसेंबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळावरून उड्डाणं सुरू झाली आणि पनवेलकरांना बोलता बोलता वर बघायची सवय लागली. करंजाडे असो वा खांदा कॉलनी, कट्ट्यावर ‘पायलट कसं व्हायचं’ हा विषय निघतोच. फी किती, बारावीला फिजिक्स-मॅथ्स लागतं का, पगार किती, सगळं विचारून होतं. एक प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. पायलट झाल्यावर नापास झालं तर?

होतात की! एअरलाइनमध्ये नोकरी लागली म्हणून परीक्षा संपत नाही. साधारण दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरमध्ये प्रोफिशियन्सी चेक द्यावा लागतो. पायलट मंडळी त्याला ‘पीपीसी’ म्हणतात. वीस वर्षं विमान चालवणारा कॅप्टनही त्यातून सुटत नाही. (हाच नियम प्राध्यापकांना लावला तर काय होईल, हा विचार मनात आला असेल तर तो स्टाफरूमबाहेरच ठेवा.)

समजा, को-पायलटच्या खुर्चीत तुम्ही आहात. बाहेरून बघितलं तर यांत्रिक पायांवर उभा असलेला खोलीएवढा डबा, आत हुबेहूब कॉकपिट, पाठीमागे परीक्षक. धावपट्टीवर विमानाने असा वेग गाठलाय की आता थांबता येणार नाही, आणि नेमकं तेव्हाच एक इंजिन बंद पडतं. विमान एका बाजूला ओढायला लागतं. पायाने रडर दाबून नाक सरळ ठेवायचं, वर चढायचं, चेकलिस्ट करायची, कंट्रोलशी बोलायचं आणि एका इंजिनावर परत यायचं. ठरलेल्या उंचीपर्यंत धावपट्टी दिसली नाही, तर उतरायचा हट्ट सोडून पुन्हा वर जायचं. ‘अजून जरा खाली गेलो असतो तर दिसली असती’ हे वाक्य इथे चालत नाही. गेलात, तर फेल.

पुढे काय? लायसन्स कुणी फाडून टाकत नाही. रोस्टरमधून नाव निघतं, चुकलेल्या भागाचं जादा ट्रेनिंग होतं आणि पुन्हा चेक. म्हणजे ही आपली एटीकेटीच झाली. त्या शब्दाचा मूळ अर्थ ‘पुढची टर्म ठेवायला परवानगी’ असा आहे, आपण तो शिवीसारखा वापरतो ही गोष्ट वेगळी. सगळीकडे एवढी सवलत नसते. हवाई दलात पायलट निवडीच्या चाचणीसाठी मोजक्याच संधी मिळतात. एअरलाइनने मात्र माणूस कधीतरी चुकणार हे गृहीत धरलंय, म्हणूनच त्याला जमिनीवर चुकू देतात.

तरीही फेल झालेल्याची अवस्था वाईट होते. रोस्टरवर नाव नाही म्हणजे सहकाऱ्यांना कळतंच. पगाराचा काही भाग उड्डाणाच्या तासांवर असतो, त्यामुळे खिशालाही कळतं. आणि घरी? सोसायटीतल्या मुलांनी ज्याच्या युनिफॉर्मसोबत सेल्फी काढलेत, तो मंगळवारी दुपारी घरात का, याचं उत्तर द्यावं लागतं. मग लपवावंसं वाटतं.

ही लपवाछपवी कुठवर जाते, याचं उदाहरण आपल्या शेजारीच आहे. जानेवारी २०११ मध्ये गोव्यात एक प्रवासी विमान पुढच्या चाकावर आदळत उतरलं. चौकशीत वैमानिकाचं वरच्या दर्जाचं लायसन्स बनावट मार्कशीटवर काढल्याचं पुढे आलं आणि अटक झाली. डीजीसीएने इतरांचे कागद तपासायला घेतले, तर आणखी काही जण सापडले.

त्याआधी, १२ फेब्रुवारी २००९ ला, अमेरिकेत बफेलोजवळ कोलगन एअरचं विमान पडून ५० जणांचा जीव गेला. वेग कमी झाल्याची सूचना देत कंट्रोल थरथरला, तेव्हा कॅप्टनने तो पुढे ढकलण्याऐवजी मागे ओढला. तपास यंत्रणेने कारण म्हणून त्यावरच बोट ठेवलं. पण तपासात आणखी एक गोष्ट निघाली. नोकरीच्या अर्जात त्याने आपल्या तीनपैकी एकच अपयशी चाचणी सांगितली होती. पुढे अमेरिकेत कायदा बदलला आणि पायलटच्या पास-नापासाची नोंद कंपन्यांना बघता येईल अशी व्यवस्था झाली.

लपवल्याने नेमकं काय बिघडतं, हे मला विमानात नाही, फर्स्ट इयर इंजिनीअरिंगला कळलं. एम-टूची केटी लागली. ‘रिझल्ट अजून लागला नाही’ असं घरी सांगून मी सात आठवडे काढले. त्या सात आठवड्यांत एम-टूचं पुस्तक एकदाही उघडलं नाही. उघडलं असतं तर ‘हा विषय परत का काढलास?’ असं कुणीतरी विचारलं असतं ना!

पायलटांची पद्धत याच्या उलट असते. चेक संपला की परीक्षक समोर बसवून डीब्रीफ करतो. कुठल्या क्षणी काय दिसत होतं, हात कुठे होता, काय बोलायचं राहिलं. ‘तू वाईट पायलट आहेस’ यात सुधारण्यासारखं काही नसतं. ‘इंजिन गेल्यावर रडर उशिरा दाबलास’ यात असतं. मग सुरू होतं ‘चेअर फ्लाइंग’. कॉकपिटचं मोठं पोस्टर भिंतीवर चिकटवायचं, समोर घरातली साधी खुर्ची ठेवायची, आणि हात त्या त्या कागदी बटणावर नेत सगळी प्रक्रिया मोठ्याने म्हणायची. घरच्यांना हे बघून हसू येतं. येऊ दे. लपूनछपून मात्र हे करता येत नाही, एवढं नक्की.

आठव्या आठवड्यात मी बाबांना सांगितलं. ओरडा पडेल म्हणून मान खाली घालून उभा होतो. ते एवढंच म्हणाले, ‘पेपरची फोटोकॉपी मागवलीस का?’

मागवली. डबल इंटिग्रेशनच्या तिन्ही गणितांत लिमिट्स चुकल्या होत्या.