कृष्णा-पंचगंगा महापूर (२०१९) आणि नदीकाठची गावे

ऑगस्ट २०१९ मध्ये अतिवृष्टीमुळे महाराष्ट्राच्या सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांत कृष्णा, पंचगंगा, वारणा आणि त्यांच्या उपनद्यांना महापूर आला. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे. तेथे पाणी ५७ फुटांच्या वर गेले. कोल्हापूरजवळील राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट असताना पंचगंगेने ५५ फुटांची मर्यादा ओलांडली. दोन्ही जिल्ह्यांतून चार लाखांहून अधिक लोकांना स्थलांतर करावे लागले. शहरांतील बाजारपेठा व वसाहती बुडाल्या. तथापि शिरोळ, करवीर, पलूस, वाळवा व मिरज या तालुक्यांतील अनेक गावांना अनेक दिवस पाण्याचा वेढा राहिला. या गावांनी पुराला कसे तोंड दिले, याचे वर्णन या लेखात केले आहे.

भौगोलिक पार्श्वभूमी

सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारा प्रचंड पाऊस अल्प अंतरातच सपाट प्रदेशात उतरतो. पंचगंगा ही कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती या नद्यांच्या संगमातून बनते. गुप्त मानली गेलेली सरस्वती ही पाचवी. कोल्हापूरच्या पुढे तिचा उतार मंदावतो आणि नृसिंहवाडी येथे ती कृष्णेस मिळते. कृष्णा आधीच भरून वाहत असेल, तर पंचगंगेच्या पाण्याला पुढे वाट मिळत नाही. ते मागे तुंबते आणि ओढ्यानाल्यांतून उलटे शिवारात शिरते. यालाच फुगवटा म्हणतात. कृष्णा, वारणा, पंचगंगा व दूधगंगा अशा चार नद्यांचे पाणी झेलणारा शिरोळ तालुका त्यामुळे सर्वाधिक संकटात सापडतो. डोंगराळ भागातील लोंढ्याप्रमाणे येथील पूर एका रात्रीत सर्व वाहून नेत नाही. तो हळूहळू चढतो, थांबतो आणि त्याहूनही सावकाश उतरतो.

पाण्याचा अंदाज

पूर सावकाश येत असल्याने गाव केव्हा सोडावे हा निर्णय कठीण होतो. पंचगंगाकाठी पुराची चाहूल ठरावीक क्रमाने लागते. प्रथम कोल्हापूर पद्धतीचे बंधारे पाण्याखाली जातात, नंतर पाणी पात्राबाहेर पडून मळीच्या जमिनीत पसरते, मग गावाला जोडणारे रस्ते बंद होऊ लागतात. राधानगरी धरणाचे सात दरवाजे स्वयंचलित असून धरण भरताच पाण्याच्या दाबाने उघडतात. किती दरवाजे उघडले ही बातमी पावसाळ्यात घरोघरी लक्षपूर्वक ऐकली जाते. नृसिंहवाडीच्या दत्त मंदिरात उत्तरेकडून शिरलेले पाणी पादुकांवरून दक्षिण दाराने बाहेर पडते तेव्हा ‘दक्षिणद्वार सोहळा’ होतो व भाविक स्नानासाठी गर्दी करतात. नदीचे हेच चढणे भाविकांना पर्वणी वाटते, तर सखल शिवारातील शेतकऱ्याला मोटारी काढून आणण्याची सूचना.

यांखेरीज प्रत्येक गावाजवळ स्वतःचे एक मोजमाप होते : २००५ चा महापूर. त्या वर्षी पाणी कोणत्या पायरीपर्यंत, कोणाच्या उंबऱ्यापर्यंत आले होते, हे लोकांच्या पक्के स्मरणात होते. त्या वेळी आयर्विन पुलाजवळची पातळी ५३ फुटांच्या वर गेली होती. जी घरे तेव्हा कोरडी राहिली, त्यांतील रहिवाशांना यंदाही पाणी तेथवर येणार नाही असे वाटणे स्वाभाविक होते. २०१९ मध्ये पाण्याने ती खूण मागे टाकली आणि ज्या अनुभवाने पूर्वी तारले होते, त्यानेच अनेकांना घरात थोपवून धरले. तोपर्यंत रस्ते बंद झालेले असल्याने सुटकेसाठी नावेखेरीज साधन उरले नाही.

जनावरांचा प्रश्न

माणसे गाव सोडण्यास का तयार होत नाहीत, याचे उत्तर बहुधा गोठ्यात सापडते. या पट्ट्यात ऊस हे मुख्य पीक असले, तरी त्याचे पैसे वर्षातून एकदा मिळतात. घरखर्च चालतो तो दुधावर. म्हैस वा गाय चालत नेता येईल तोवरच हलवता येते. रस्त्यावर कमरेएवढे पाणी आले की तिला नावेत घेता येत नाही. म्हणजे जनावरांसाठीचा निर्णय माणसांच्या निर्णयाआधी एक-दोन दिवस घ्यावा लागतो, आणि त्या वेळी गावात पाण्याचा थेंबही नसतो. उंचावर नेलेल्या जनावरांना वैरण लागते, तर हिरवी वैरण बुडालेल्या शिवारात असते आणि कडब्याची गंज भिजलेली असते. म्हणून अनेक कुटुंबे विभागली जातात : स्त्रिया, मुले व वृद्ध निवारा केंद्रात वा नातेवाइकांकडे जातात आणि घरातील एखादा पुरुष गोठ्यापाशी मागे राहतो. पाणी वाढतच राहिल्यास शेवटचा उपाय म्हणून दावी कापून जनावरे मोकळी सोडली जातात. २०१९ मध्ये असंख्य दुभती जनावरे दगावली. जी वाचली त्यांचे दूध संकलन केंद्रापर्यंत पोहोचवण्यास मार्ग नव्हता.

ब्रह्मनाळ दुर्घटना

पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ हे गाव कृष्णा व येरळा यांच्या संगमाजवळ वसले आहे. ८ ऑगस्ट २०१९ रोजी वेढ्यात अडकलेल्या ग्रामस्थांना बाहेर काढणारी ग्रामपंचायतीची नाव उलटली आणि १७ जणांचा मृत्यू झाला. मृतांत स्त्रिया व मुलांचा समावेश होता. नावेत क्षमतेपेक्षा अधिक माणसे बसली होती. बचाव पथकांच्या नौका प्रत्येक गावी वेळेत पोहोचू शकल्या नव्हत्या, त्यामुळे गावाने आपल्याजवळची नाव वापरली होती. तिच्यात बसणाऱ्यांना पुढची फेरी होईल की नाही याची खात्री नव्हती. गर्दीला बेशिस्त ठरवताना ही बाजू लक्षात घ्यावी लागते.

पाणी ओसरल्यानंतर

मातीच्या भिंतींची घरे पाण्यात उभी राहिली, तरी ओसरल्यावर ढासळतात. भिजलेली भिंत उन्हाने वाळताना भेगाळते आणि भार पेलू शकत नाही. त्यामुळे परतलेल्या कुटुंबांना घरात शिरण्याचाही धोका असतो. घराघरांत गाळ, कुजलेले धान्य व मृत जनावरांची दुर्गंधी असते, आणि विहिरी दूषित झालेल्या असतात. उसाचा शेंडा पाण्याबाहेर राहिला तर पीक तग धरते. शेंडा अनेक दिवस बुडाल्यास वाढ खुंटते, कांड्यांवरील डोळे फुटून पांगशा येतात आणि ऊस आतून कुजतो. सोयाबीन व भुईमूग यांना तेवढीही सवलत नसते.

शासनाने ग्रामीण भागातील पूरग्रस्त कुटुंबांना १० हजार व शहरी कुटुंबांना १५ हजार रुपयांचे सानुग्रह अनुदान दिले. मोफत धान्यासाठी घर दोन दिवसांहून अधिक काळ पाण्याखाली असण्याची अट घालण्यात आली होती. तिच्यावर तीव्र टीका झाली. पुढे पूरबाधित पिकांवरील कर्ज एक हेक्टरच्या मर्यादेत माफ करण्याचा निर्णयही झाला. भूमिहीन शेतमजुरांकडे पीकही नव्हते आणि पीककर्जही. त्यांची बुडालेली मजुरी कोणत्याही पंचनाम्यात बसत नव्हती.

पुनर्वसनाचा प्रश्न

करवीर तालुक्यातील प्रयाग चिखलीच्या रहिवाशांना १९८९ च्या पुरानंतर सोनतळी येथे उंचावर भूखंड देण्यात आले. तरीही जुने गाव वसलेलेच राहिले, कारण शेत, गोठा, देऊळ व शेजार तेथेच होता. शिवाय वाढलेल्या कुटुंबांना पूर्वीचे भूखंड अपुरे पडू लागले. परिणामी एरवी जुन्या गावात राहायचे आणि पाणी चढू लागले की जनावरांसह सोनतळीला जायचे, अशी दुहेरी वस्तीची रीत पडली. जुलै २०२१ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ५६ फुटांची पातळी ओलांडली, म्हणजे २०१९ पेक्षाही अधिक. परंतु ताज्या अनुभवामुळे या वेळी अनेक गावांतून स्थलांतर लवकर सुरू झाले होते.

कारणांविषयीचा वाद

कर्नाटकातील अलमट्टी धरणाच्या फुगवट्यामुळे पूर येतो अशी भावना सांगली व शिरोळ भागात खोलवर रुजली आहे. राज्य शासनाने नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीने २०२० मध्ये दिलेल्या अहवालात २०१९ च्या महापुराचे कारण अलमट्टी नसल्याचे म्हटले. अल्पावधीत पडलेला असाधारण पाऊस आणि पूरक्षेत्रातील अतिक्रमणे यांवर समितीने बोट ठेवले. हा निष्कर्ष स्थानिक पातळीवर सर्वांना मान्य झालेला नाही. अलमट्टीची पूर्ण संचय पातळी ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ मीटर करण्यास कृष्णा पाणी तंटा लवादाने २०१० मध्ये अनुमती दिल्यामुळे हा वाद पुढेही चालू आहे.