मूत्राशयाची न्यूक्लिअर तपासणी: प्रोटोकॉल लिहिण्याआधी एवढं समजून घ्या

समजा, गांधीबागेतल्या एका चार वर्षांच्या मुलीला वारंवार ताप येतो आणि दर वेळी लघवीत जंतुसंसर्ग सापडतो. डॉक्टरांना शंका येते, की लघवी मूत्राशयातून उलटी किडनीकडे चढत असावी. याला रिफ्लक्स म्हणतात. जंतू असे वर पोचत राहिले तर किडनीवर कायमचे व्रण पडू शकतात.

हे बघायची एक तपासणी म्हणजे डायरेक्ट रेडिओन्यूक्लाइड सिस्टोग्राम. नाव मोठं, काम साधं. लघवीच्या वाटेने बारीक नळी घालून मूत्राशय रिकामं करतात. मग टेक्नेशियम-९९एम मिसळलेलं सलाईन हळूहळू आत सोडतात. किती? वयात २ मिळवा आणि ३० ने गुणा. या मुलीसाठी अंदाजे १८० मिली. मूत्राशय भरताना आणि मुलगी लघवी करताना गॅमा कॅमेरा सलग चित्रं घेतो. भूल सहसा लागत नाही. नळी घालताना चुरचुरतं, नंतर थोडा वेळ जळजळ होऊ शकते. ताप आला तर मात्र लगेच डॉक्टरांना कळवायचं.

'रेडिओअ‍ॅक्टिव्ह' म्हटलं की पालक घाबरतात. त्यांना हिशोब सांगा: टेक्नेशियम-९९एमचं अर्धायुष्य ६ तास, म्हणजे २४ तासांत सोळावा हिस्साच उरतो. शिवाय ते रक्तात टोचत नाहीत. बहुतेक सगळं लघवीसोबत बाहेर पडतं.

आता संशोधक म्हणून बघा. याच कामासाठी एमसीयू ही एक्स-रे तपासणीही आहे. तिच्यात मूत्रमार्गाची रचना स्पष्ट दिसते, म्हणून मुलग्यांमध्ये पहिल्यांदा सहसा तीच करतात. सिस्टोग्राममध्ये रचना धूसर दिसते, पण किरणोत्सर्ग सहसा कमी आणि नजर सलग. तेव्हा 'चांगली तपासणी कोणती?' हा प्रश्न अर्धवट आहे. कशासाठी चांगली, ते आधी लिहा.

अजून एक. रिफ्लक्स कधी होतो, कधी नाही. एकाच मुलीच्या दोन तपासण्यांचे निकाल वेगळे आले, म्हणजे एक चुकलीच असं नाही. आणि फक्त तुमच्या तुलनेसाठी तिला दुसऱ्यांदा नळी घालावी लागणार असेल, तर नैतिकता समितीकडे जायच्या आधी स्वतःलाच विचारा: या उत्तराचा तिला काय उपयोग?