मिस्वाक की ब्रश? उत्तर हिरड्यांकडे आहे

महिन्याचा किराणा भरताना तेल, साखर, चहापत्ती यांची नीट चौकशी होते. टूथब्रशची मात्र होत नाही. जो समोर दिसला तो उचलायचा आणि केस वाकडे होईपर्यंत वापरायचा, हीच बहुतेक घरांची रीत. आमच्या प्रताप नगरातल्या औषधाच्या दुकानात गेलात तर साध्या स्वस्त ब्रशपासून काही हजारांच्या इलेक्ट्रिक ब्रशपर्यंत सगळे प्रकार दिसतात. तिकडे मोमिनपुऱ्यात मिस्वाकच्या काड्या मिळतात. मग घ्यावे तरी काय?

पण त्याआधी एक गोष्ट. शाळेत पालकसभेला येणाऱ्या माता अनेकदा म्हणतात, “बाजी, ब्रश केला की हिरडीतून रक्त येतं, म्हणून मी बोटानेच मंजन लावते.” खरा घोटाळा इथेच आहे. रक्त येते म्हणून घासणे बंद होते आणि घासणे बंद झाले म्हणून रक्त वाढत जाते.

रक्त येते कशाने?

दात घासल्यावर काही तासांतच त्यांच्यावर जंतूंचा चिकट थर पुन्हा बसू लागतो. त्याला प्लाक म्हणतात. जीभ फिरवली की दात बुळबुळीत लागतात, तोच हा थर. दात आणि हिरडी जिथे मिळतात त्या कडेला तो साचला की हिरडी लाल होते, सुजते आणि हात लागताच रक्त येते. थर तसाच राहिला तर लाळेतल्या क्षारांमुळे त्याचे कडक किटण बनते. ते कोणत्याही ब्रशने निघत नाही. पुढे काही जणांत दाताला धरून ठेवणारे हाड झिजते आणि न किडलेला, न दुखलेला दातही हलायला लागतो.

हा संबंध डेन्मार्कमध्ये १९६५ साली सिद्ध झाला. डॉ. हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणे बंद करायला सांगितले. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्याच हिरड्या सुजल्या. घासणे पुन्हा सुरू केल्यावर साधारण आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. म्हणजे सुरुवातीच्या अवस्थेत हा आजार घरच्या घरी परतवता येतो. रक्त आले की ब्रश सोडायचा नाही, मऊ ब्रशने त्याच जागी हलक्या हाताने नीट घासायचे.

कोणता ब्रश?

कडक ब्रशने दात जास्त साफ होतात, हा समज सोडून द्या. जोर लावून आडवे घासले की हिरडी खाली सरकते, दाताचे मूळ उघडे पडते आणि थंड पाणीही झोंबते. घ्यायचा तो मऊ केसांचा आणि लहान डोक्याचा ब्रश. तो शेवटच्या दाढेमागेही पोहोचतो. केस हिरडीच्या कडेकडे तिरपे टेकवून जागच्या जागी हळू हलवा. आतली बाजू विसरू नका. पूर्ण बत्तिशीला दोन मिनिटे द्या. तीन महिन्यांनी, किंवा केस पसरले तर त्याआधीच, ब्रश बदला.

इलेक्ट्रिक ब्रशचा खर्च परवडण्याजोगा असेल तर फायदा आहे. २०१४ साली कॉक्रेन या संस्थेने ५६ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला. तीन महिन्यांहून अधिक काळ वापरल्यावर साध्या ब्रशच्या तुलनेत प्लाक २१ टक्के आणि हिरड्यांची सूज ११ टक्के कमी आढळली. थरथरणारे हात, सांधेदुखी किंवा लकवा असलेल्या वडीलधाऱ्यांना तो विशेष सोयीचा आहे. बाकीच्यांनी साध्या ब्रशने दोन मिनिटे मन लावून घासले तरी हिरड्या चांगल्या राहतात.

मिस्वाकचे काय?

मिस्वाक आपल्याकडे सुन्नत म्हणून आहेच. ती पीलूच्या झाडाची काडी, आणि दंतवैद्यकानेही तिचा अभ्यास केला आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सौदी अरबस्तानातील १५ पुरुषांना आळीपाळीने ब्रश आणि मिस्वाक वापरायला दिले. पद्धत नीट शिकवल्यानंतर मिस्वाकने प्लाक आणि हिरड्यांची सूज ब्रशपेक्षाही जास्त कमी झाली. माणसे थोडी होती हे खरे, पण ‘पद्धत शिकवल्यानंतर’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. आपल्यापैकी बरेच जण मिस्वाक समोरच्या चार-सहा दातांवरच फिरवतात. दाढा आणि आतली बाजू कोरडीच राहते, आणि समोरची हिरडी मात्र सोलवटते.

म्हणून मिस्वाकचे टोक चावून मऊ करा, हिरडीकडून दाताच्या टोकाकडे फिरवा आणि दाढांपर्यंत न्या. वापरलेले टोक वरचेवर कापून नवे करा, आणि एकाची काडी दुसऱ्याने वापरू नये. वुजूच्या वेळी मिस्वाक आणि रात्री झोपण्यापूर्वी फ्लोराइड असलेल्या पेस्टने ब्रश, अशी जोडी घरात सहज बसते. रमजानमध्ये सेहरीनंतर, वेळ संपण्याआधी आणि रात्री झोपताना ब्रश करावा. दिवसा मिस्वाक आहेच.

ब्रशच्या पलीकडे

दोन दातांच्या फटीत ब्रश आणि मिस्वाक दोन्ही कमी पडतात. तिथे दिवसातून एकदा दंतधागा किंवा फटीचा छोटा ब्रश लागतो. सुई, पिन किंवा काडीपेटीच्या काडीने टोकरू नये. मुलांचा हात सात-आठ वर्षांपर्यंत बसलेला नसतो. तोवर रात्रीचा ब्रश अम्मी-अब्बूंनी करून द्यावा. तीन वर्षांखालील मुलांना तांदळाच्या दाण्याएवढी आणि त्यापुढे वाटाण्याएवढी पेस्ट पुरते.

नागपुरात खर्ऱ्याचा विषय टाळता येत नाही. खर्रा, गुडाखू, तंबाखूची मिश्री यांनी हिरड्या खराब होतात आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. विडी-सिगारेट पिणाऱ्यांच्या हिरडीतून रक्त कमी येते, त्यामुळे आजार आतल्या आत वाढतो. मधुमेह असलेल्यांनीही जपावे. साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की साखर आटोक्यात ठेवणे कठीण जाते.

दोन आठवडे नीट घासूनही रक्त थांबले नाही, दात हलू लागला किंवा हिरडीतून पू आला तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. मेडिकलच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे. तिथे किटण काढून घेता येते. “साफ केल्यावर दात ढिले होतात,” अशी भीती अनेक दाद्या-नान्यांच्या मनात असते. किटण निघाल्यावर फटी मोकळ्या वाटतात, एवढेच. दात ढिला झालेला असतो तो त्या किटणाखाली चाललेल्या आजाराने.

आज रात्री घरातल्या सगळ्यांचे ब्रश एकदा हातात घेऊन पाहा. ज्याचे केस पसरले असतील तो उद्याच बदला. आणि घरात कोणी रक्ताच्या भीतीने ब्रश सोडला असेल, तर त्याच्यासाठी मऊ ब्रश सर्वांत आधी आणा.