सायलेन्सरजवळची लोंबती वायर

सेनगाव-कळमनुरीकडच्या पांदण रस्त्यांवर पावसाळा सरला की काळ्या मातीच्या चाकोऱ्या वाळून कडक होतात. त्यातून गाडी गेली की खालून काहीतरी घासतंच. ऑक्सिजन सेन्सरची वायर क्लिपमधून निसटली असेल, तर ती तापल्या पाइपला टेकून वितळते. मग डॅशबोर्डवर पिवळा दिवा!

धुरात किती ऑक्सिजन उरला, हे हा सेन्सर सांगतो. आतलं झिर्कोनियाचं सिरॅमिक 300 अंशांच्या पुढे तापलं, की धूर आणि बाहेरची हवा यांतल्या ऑक्सिजनच्या फरकातून वीज तयार होते. ती एक व्होल्टहूनही कमी असते, पण तेवढ्यावर गाडीतला संगणक पेट्रोल कमी-जास्त करतो. 1976 मध्ये बॉशचा असा सेन्सर व्होल्वोच्या गाडीत आला.

निसटलेली वायर बांधायला घेतलेला प्लॅस्टिकचा टाय पाइपजवळ टिकत नाही. गाडी गार होऊ द्यावी, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नये. वायरवर उष्णतारोधक स्लीव्ह चढवून ती पाइपपासून लांब, मूळच्या क्लिपच्या जागीच धरावी. इंजिन हलतं, म्हणून थोडी ढील हवी. तुटलीच तर सोल्डर मात्र टाळावं: अनेक सेन्सर तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरच्या आतूनच घेतात.